लुआंग प्राबांगची पहाट

(दृश्य : झुंजुमुंजू झालेला रस्ता, ओळीने मांडलेल्या चटया)

लाओसमधलं लुआंग प्राबांग. एका बाजूला मेकाँग, दुसऱ्या बाजूला नाम खान, आणि दोन्ही नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर विहारांची दाटी. उजाडायच्या आत रस्त्याकडेला बायका येऊन बसतात. चपला काढलेल्या, खांद्यावरून तिरका घेतलेला पट्टा, पुढ्यात झाकणाची बांबूची टोपली. आत गरम चिकट भात. त्याचे तांदूळ रात्रीच भिजत घातलेले असतात, आणि पहाटे ते बांबूच्या पात्रात वाफवायचे.

(दृश्य : भिक्षूंची रांग)

भिक्षू येतात. अनवाणी, एकामागे एक. ज्येष्ठ पुढे, लहान श्रामणेर, म्हणजे अजून पूर्ण भिक्षू न झालेली शिकाऊ मुलं, मागे. प्रत्येकाच्या पात्रात भाताचा लहानसा घास पडतो. भिक्षू आभार मानत नाहीत. देणाऱ्यालाच पुण्य जोडायची संधी मिळाली, अशी इथली श्रद्धा आहे.

श्रामणेरांमधली बरीच मुलं खेड्यापाड्यांतल्या गरीब घरची. विहारात राहिलं की शिक्षण होतं. आपल्याकडे माधुकरी मागून शिकलेली पिढी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा घास वेगळा समजावून सांगायला नको. आणि रांग थोडी पुढे गेली की आणखी एक गोष्ट दिसते. टोपली घेऊन बसलेल्या गरीब पोरांना हेच भिक्षू आपल्या पात्रातलं अन्न देतात. मला या सगळ्या विधीत हे सर्वांत मोठं वाटतं.

(दृश्य : मोबाइल उंचावलेली गर्दी)

१९९५ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा ठरवलं. जगभरातून माणसं येऊ लागली. काहीजण मुलांच्या तोंडासमोर कॅमेरा धरतात, फ्लॅश मारतात, फोटोपुरता भात विकत घेऊन रांगेत बसतात. ही या लोकांची रोजची उपासना आहे. तिच्यात असं घुसणं मला मनापासून खुपतं.

मग पाहुण्याने काय करावं? श्रद्धा असेल तर जरूर बसावं. खांदे-गुडघे झाकलेले, पाय भिक्षूंच्या दिशेने नाहीत, आणि भात शक्यतो मुक्कामाच्या घरी सांगून शिजवून घेतलेला. बाईचा स्पर्श भिक्षूला होता कामा नये, हेही लक्षात ठेवावं. श्रद्धा नसेल, तर रस्त्याच्या पलीकडे उभं राहावं. तिथूनही सगळं दिसतं.

(दृश्य : मुलं आणि प्रवासी गप्पा मारताना)

या मुलांशी बोलायचं असेल तर त्यासाठी वेगळी जागा आहे. मुलांसाठी लाओ भाषेत पुस्तकं काढणारी ‘बिग ब्रदर माऊस’ ही इथली संस्था. तिथे तरुण मुलं इंग्रजीचा सराव करायला येतात, आणि कुणीही प्रवासी त्यांच्याशी गप्पा मारायला जाऊन बसू शकतो. परीक्षा, गाव, घरची माणसं, सगळं बोलणं होतं. तुमच्या गावाबद्दलही ती विचारतात. वेळ काढून जा.