शेवटचा किलोमीटर आधी बघा

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी सरली, हवेत जरा गारवा आला, की ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाचा पाय घरात ठरत नाही. अलीकडे गाडीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून निघणारी कुटुंबंही अधूनमधून दिसतात. पहिल्यांदाच अशी कॅराव्हॅन ओढून नेणाऱ्यांशी मला आज बोलायचंय, आणि तेही एकाच प्रश्नावर. पहिला मुक्काम कुठे टाकायचा?

बहुतेक जण धरणाचा काठ बघतात, समुद्र बघतात, फोटो बघतात. माझं सांगणं असं, की जागा मागाहून बघा, आधी वाट बघा. मुख्य रस्ता सोडल्यापासून मुक्कामाच्या फाटकापर्यंतचा शेवटचा किलोमीटर. पुन्हा सांगते, शेवटचा किलोमीटर.

गाडी आणि कॅराव्हॅन मिळून लांबी एसटीएवढी होते, फक्त ही एसटी मधल्या जोडापाशी दुमडते. वळताना कॅराव्हॅनची चाकं गाडीच्या चाकांमागून जात नाहीत, वळणाची आतली बाजू कापत जातात. त्यात कॅराव्हॅन गाडीपेक्षा फूटभर तरी रुंद. हायवेवर हे जाणवतही नाही. जाणवतं ते गावातल्या गल्लीत.

माझी थोरली बहीण आणि भावोजी खारघरला राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी दोन माणसांपुरती, एका आसाची, म्हणजे दोनच चाकांची, कॅराव्हॅन घेतली. ती सोसायटीत उभी करायला जागा मिळवताना त्यांना जो त्रास झाला, तो वेगळाच विषय आहे. पण आखून-रेखून वसवलेल्या शहरात घरटी एका गाडीलाही धड जागा नसावी, याचं मला फार वाईट वाटतं. असो.

पहिल्या सहलीला त्यांनी नागाव निवडलं. अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं, अक्षी मागे टाकलं, की नागाव. वाडी देखणी, समुद्र चालत जाण्याएवढा जवळ. भावोजींनी वाडीच्या मालकांना फोनवर विचारलं, ‘गाडी आत येते ना?’ ते म्हणाले, ‘अगदी दारात येते.’ आणि ते खरंच बोलले. त्यांच्या डोळ्यांपुढे रोज येणारी मोटार होती.

पनवेल, पेण, वडखळ, कार्लेखिंड, सगळं सुखरूप पार पडलं. मी मागच्या सीटवर होते. उन्हं उतरली तेव्हा वाडीचं वळण आलं. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचा गडगा आणि गडग्याला चिकटून पोफळी. गाडी वळली, आणि कॅराव्हॅनचं आतलं चाक गडग्याच्या कोपऱ्याला जाऊन टेकलं. पुढे घ्यावी तर पत्रा चिरणार. मागे घ्यावी, तर कॅराव्हॅनचा मागचा भाग रस्त्यात आडवा, आणि रेवदंड्याहून अलिबागला निघालेली एसटी समोर येऊन थांबलेली.

बघता बघता माणसं जमली. एक म्हणतोय डावीकडे काट, दुसरा म्हणतोय उजवीकडे. भावोजी गोंधळले. त्यांनी रिव्हर्स टाकून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, तर कॅराव्हॅनचं शेपूट उजवीकडे सरकलं. जोडलेलं वाहन मागे घेताना असंच होतं, सगळं उलटं.

मग एसटीचे ड्रायव्हर खाली उतरले. त्यांनी कंडक्टरना मागची वाहनं थोपवायला पाठवलं आणि जमलेल्यांना म्हणाले, ‘आता एकानंच बोलायचं.’ भावोजींच्या खिडकीशी आले. ‘सायेब, हात वर नको. स्टिअरिंगच्या तळाला धरा. शेपूट जिकडं न्यायचं, तिकडंच हात सरकवा. थोडाच. लई तिरपं व्हाया लागलं की थांबा, जरा पुढं घ्या, सरळ करा, अन् परत मागं.’

श्रोतेहो, हात तळाशी धरला की डोक्यातला उलटसुलट हिशोब सुटतो. हात उजवीकडे, की शेपूट उजवीकडे. हात डावीकडे, की शेपूट डावीकडे. वीतवीतभर सरकत चाक गडग्यापासून सुटलं. जांभ्याची तांबडी पूड टायरला लागली होती, बाकी ओरखडासुद्धा नाही. ताईनं विचारलं, ‘तुम्हाला हे कसं हो येतं?’ ते म्हणाले, ‘मी सांगलीकडचा. एसटीत लागायच्या आधी कारखान्यावर उसाची ट्रॉली मागं घेत होतो.’ ताई चहा ठेवायला निघाली, तर म्हणाले, ‘ताई, गाडी लेट झालीय,’ आणि चढलेसुद्धा.

मला मनापासून वाटतं, की एसटीच्या चालकांएवढं रस्त्याचं शहाणपण दुसऱ्या कुणाकडे नाही. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून घाट, गल्ल्या, पूर, सगळं त्यांनी पचवलंय. आपल्या शहरांतल्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलांनी निवृत्त एसटी चालकांना सन्मानानं बोलवावं आणि शिकवायला लावावं. हे मी याआधीही बोलले आहे आणि पुन्हा बोलेन.

तर पुढे काय झालं? वाडीचे मालक स्कूटरवरून धावत आले. त्यांना फार चुटपुट लागली होती. मुख्य रस्त्यालगत त्यांच्या चुलत भावाचं बांधकाम साहित्याचं दुकान होतं. त्याच्या आवारात रेतीचे डंपर येऊन, वळून, तोंड फिरवून बाहेर पडायचे. तिथे, रेतीचा ढीग आणि कौलांच्या चवडीमध्ये, ताई-भावोजींनी पहिली रात्र काढली. जमीन टणक, सपाट, नळ हाताशी. सकाळी समुद्रावर चालत गेलो. पहिल्या मुक्कामाला ते आवार त्या देखण्या वाडीपेक्षा सरस होतं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून फोनवर ‘गाडी येते का’ असं विचारू नका. विचारा, ‘पाण्याचा टँकर आत येतो का? आणि वळून, तोंड फिरवून बाहेर जातो का?’ टँकर येतो का, आणि वळतो का. उत्तर हो आलं, तरी मुख्य रस्त्यापासून फाटकापर्यंतचा व्हिडिओ मागवून घ्या.

बाकीचं थोडक्यात. पहिल्या खेपेला घाट नको. म्हणजे कसाऱ्याच्या घाटापलीकडचं भंडारदरा, बोरघाट चढून लागणारं पवना, माळशेज, हे सगळं नंतर. माथेरानचा तर विचारच नको. वाहनं गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात, आणि नेरळहून वर जाणारी नागमोडी वाट जोडवाहनाची नाही. नवी मुंबईकरांना पनवेल-चौक मार्गे कर्जतची बाजू सोयीची, ठाणेकरांना नाशिक हायवेवर आसनगाव-शहापूर. पोचायचं दुपारी चारच्या आत, उजेडात. भातखाचरात गाडी घालू नका, वरून सुकलेली दिसली तरी चाक रुतू शकतं. नारळाखाली तर कॅराव्हॅन कधीच नको. वजनाचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये हा छंद जुना आहे. भरलेली कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा, असा सल्ला तिथे नवशिक्यांना देतात. तो आपणही पाळावा.

आणि मला विचाराल, तर माझी पहिली पसंती डहाणू-घोलवड-बोर्डी पट्ट्याला. घोडबंदर रोडनं पहाटेच निघा, एकदा अहमदाबाद हायवेला लागलात की वाटेत घाट नाही. तिथल्या वाड्या चिकूच्या. या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पोफळी नऊ-नऊ फुटांवर लावतात, चिकूच्या दोन झाडांत मात्र साधारण दहा मीटर अंतर ठेवतात, कारण झाड पसरतं. हंगामात फळ न्यायला टेम्पो वाडीत येतात, त्यामुळे अनेक वाड्यांत आत शिरायची आणि वळायची वाट आधीच मळलेली असते. फोन केलात की तिथे टँकरऐवजी टेम्पोचं विचारा, आणि टेम्पो केवढा तेही विचारा. फक्त छोटा हत्ती, म्हणजे अगदी लहान टेम्पो, आत येतो म्हणाले, तर दुसरी वाडी बघा.

नमस्कार.