मिस्ड कॉलवर चालणारी मोटार

श्रोतेहो, नमस्कार. आज मोबाईलविषयी बोलू या. म्हणजे बोलण्यापलीकडची जी कामं आपण त्याच्याकडून करून घेतो, त्यांविषयी.

31 जुलै 1995 ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. देशातला तो पहिला मोबाईल कॉल. तेव्हा आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे! 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि फोन घरोघरी पोचला. त्याच वर्षी नोकियाचा 1100 आला. त्याला टॉर्च होती. गावाकडे कितीतरी लोकांनी तो फोन त्या टॉर्चसाठीच घेतला.

आणि मिस्ड कॉल? त्याला आपण निरोप्या केलं. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंगा म्हणजे खाली ये. खर्च काही नाही, निरोप मात्र पोचला. हा मिस्ड कॉल लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्याचीच आहे.

माझे मामा संगमनेर तालुक्यात राहतात. डाळिंबाची बाग, ठिबक केलेलं. विहीर ओढ्यापलीकडे. शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की मामा मध्यरात्री उठायचे, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी. विहिरीवरची पाण्याची मोटार चालू करून येऊन पाठ टेकावी, तर लाईट जायची. परत आली की स्टार्टर दाबायला परत चक्कर. पावसाळ्यात वाटेवर गुडघाभर गवत, त्यात सापाचं भय. मामा घरात पाऊल टाकेपर्यंत मामीचा डोळा लागायचा नाही.

मग मामांनी स्टार्टरशेजारी एक पेटी बसवली. पेटीत सिमकार्ड. घरून मिस्ड कॉल द्यायचा, की मोटार चालू. लाईट आली की पेटीच मामांना रिंग देते. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाने अशी यंत्रणा तयार केली. आता आणखीही बऱ्याच जणांच्या पेट्या मिळतात.

पुढे माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलीचा मामा म्हणून मामा फेटा बांधून तिच्या पाठीशी उभे. मंगलाष्टकं चालू असताना त्यांच्या खिशात फोन थरथरला. मामा हलले नाहीत. शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता पडल्या, हार घातले गेले, तेव्हा कुठे त्यांनी फोन काढला, नंबर लावला, कानाला धरला, एक अक्षर न बोलता खिशात ठेवला. नवरदेवाच्या आजी शेजारीच होत्या. त्यांनी विचारलं, "कुणाला फोन लावलात हो?"

"मोटारीला. डाळिंबाला पाणी सोडलं."

आजींनी सगळं खोदून खोदून विचारलं. रात्रीचं जावं लागत नाही? पावसातसुद्धा नाही? आणि मग नातवाला हाक मारली. मुंडावळ्या अजून कपाळावर, पंगत बसायची होती, आणि नवरदेव पेटीवाल्या दुकानाचा नंबर लिहून घेत होता. आजी म्हणाल्या, "पावसाळ्याच्या आत बसव."

बसवली त्याने. मिस्ड कॉलवर मोटार! ही सोय काही मामांच्या फोनच्या खोक्यावर लिहिलेली नव्हती. फोन होता साधा बटणांचा. लोकांना गरज होती, त्यांनी फोनला कामाला लावलं.

बाकीचं तुम्हाला ठाऊकच आहे. घड्याळ, गजर, कॅमेरा, कॅल्क्युलेटर, सातबारा, रेल्वेचं तिकीट सगळं त्यात आलं. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि आता कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही फोनवरून जातात.

इथे माझी एक तक्रार आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. इतकी कामं फोनमध्ये घातली आणि बऱ्याच नव्या फोनमधून एफएम रेडिओ काढून टाकला! का म्हणून? पूर आला, वादळ आलं, टॉवर बंद पडला की इंटरनेटवरचं सगळं मुकं होतं. एफएमला ना मोबाईलचा टॉवर लागतो ना रिचार्ज, इअरफोनची वायर हीच त्याची एरियल. 2023 मध्ये केंद्र सरकारनेही मोबाईल कंपन्यांना सांगितलं की एफएमची सोय बंद करू नका. नवा फोन घेताना दुकानदाराला हे आवर्जून विचारा. एफएम आहे का, विचारा.

आणि शेतकरी बंधूभगिनींनो, तुमच्याकडे अशी पेटी असेल तर दोन गोष्टी. तिच्यातल्या सिमचं रिचार्ज संपू देऊ नका. आणि मोटारीला, केबलला, स्टार्टरला हात लावण्याआधी मेन स्विच खाली ओढा. मेन स्विच आधी, हात नंतर. कारण तुम्ही विहिरीवर आहात हे घरच्यांना माहीत नसतं, आणि मिस्ड कॉल कुठूनही येऊ शकतो. नमस्कार.