नऊ अक्षरं आणि एक मासा

(वर्ग. ट्रेमध्ये बांगडा.)

बाजारात आई बघते तसंच बाईंनी बांगड्याच्या कल्ल्याचं झाकण उचललं. आत लालभडक. म्हणजे मासा ताजा. आता पडद्यावरचा हा दुसरा मासा बघा. याचे कल्ले पांढरे आहेत, सायीसारखे. आणि हाही ताजाच आहे.

हा अंटार्क्टिकाचा आईसफिश. रक्ताला लाल करणारं आणि प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच याच्या रक्तात नाही. 1927 मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या बुवे बेटाजवळ नॉर्वेच्या डिटलेफ रुस्टाड यांना असा मासा मिळाला, तर त्याचं रक्त बिनरंगी निघालं. 1954 मध्ये योहान रूड यांनी ते नीट तपासून जगापुढे मांडलं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, म्हणून याचं नुसत्या रक्तद्रवावर भागतं.

दहावीच्या वर्गात इथेच हात वर होतो. "बाई, मग तो गोठत कसा नाही?"

गोठायलाच हवा. तिथलं पाणी उणे 1.9 अंशापर्यंत उतरतं. साध्या समुद्री माशाचं रक्त उणे एक अंश गाठायच्या आत गोठू लागतं. आर्थर डेव्रीस यांनी 1960 च्या दशकात अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोला तिथल्या माशांच्या रक्तात एक प्रथिन शोधलं. ते बर्फाच्या बारीक कणाला चिकटतं आणि त्याला वाढूच देत नाही.

(कागदी पट्ट्या, कात्री, डिंक.)

हे प्रथिन आलं कुठून, ते मुलं आता हातानं करून बघणार आहेत. ही लांब पट्टी म्हणजे ट्रिप्सिनोजेनचं जनुक. स्वादुपिंडात तयार होणाऱ्या पाचक विकराचं. पेशीत जनुकाची कधी कधी चुकून जास्तीची प्रत निघते. मूळ प्रत पचनाचं काम करत राहते आणि जास्तीची मोकळी असते.

त्या मोकळ्या प्रतीतली डीएनएची ही नऊ अक्षरं बघा, लाल पेन्सिलीनं गोल केलेली. यातली काही अशा जागेतली आहेत, जिचं आधी प्रथिनच होत नव्हतं. नऊ अक्षरं म्हणजे तीन अमिनो आम्लं: थ्रिओनिन, ॲलॅनिन, ॲलॅनिन. मुली ती कापतात, चिकटवतात, परत कापतात, परत चिकटवतात. अशाच या नऊ अक्षरांच्या प्रती निघत गेल्या आणि गोठणं रोखणारं प्रथिन घडलं. मधला बराच भाग गळून जातो, दोन्ही टोकं मात्र जुनीच राहतात. पट्टी बाकावरून खाली लोंबायला लागली आहे. क्रिस्टिना चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये हीच टोकं ट्रिप्सिनोजेनच्या जनुकाशी जुळवून दाखवली. पुढे टूथफिश नावाच्या माशात त्यांना अर्धं जुनं, अर्धं नवं असं जनुकही मिळालं. वाटेतला टप्पा, जसाच्या तसा.

एक मुलगा म्हणतो, "थंडी पडली, गरज होती, म्हणून माशानं बदल केला."

बाई पट्टी हातात धरून थांबतात. नाही रे. नऊ अक्षरांना थंडी ठाऊक नव्हती. प्रती निघाल्या त्या चुकून. ज्यांच्या जनुकात त्या होत्या ते जगले, बाकीचे गोठून मेले. उत्क्रांतीच्या धड्यात सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच, आणि व्याख्या पाठ करून ते सुटत नाही. पट्टी चिकटवताना सुटतं.

उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशातही हीच तीन अमिनो आम्लांची साखळी आहे. पण तिचा उगम वेगळा. जिथे आधी जनुकच नव्हतं, अशा डीएनएतून ती आली.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात, दुसऱ्या भागात, आनुवंशिकता व उत्क्रांती हा पहिलाच धडा आहे. एनसीईआरटीनं 2023 मध्ये दहावीतून उत्क्रांती वगळली. त्या मुलांपर्यंत ही पट्टी कोण नेणार?

(अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राचा तळ.)

2021 मध्ये पोलारस्टर्न या संशोधन जहाजाच्या कॅमेऱ्याला हे दिसलं. आईसफिशची घरटी, अंदाजे सहा कोटी, बहुतेक घरट्यांत राखण करणारा एकेक मासा. समुद्र तापला तर हिमोग्लोबिन गमावलेल्या या माशांना प्राणवायू अपुरा पडेल.

(वर्ग. घंटा झाली आहे.)

मागच्या बाकावरची मुलगी अजून चिकटवते आहे. अठ्ठाविसावा तुकडा.