सेटिंग्जची फाइल चुकली तर तिने बोललं पाहिजे

बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ आणि कोल्हापूरचा ०२३१. हे दोन्ही यॅमल फाइलीत (यॅमल म्हणजे सॉफ्टवेअरची सेटिंग्ज लिहायची एक पद्धत) अवतरणचिन्हांशिवाय लिहा आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पायवायॅमल लायब्ररीने वाचून बघा. बेळगावचा कोड जसाच्या तसा येतो, कोल्हापूरचा मात्र १५३ होतो. ही लायब्ररी यॅमल १.१ चे नियम पाळते आणि त्यात शून्याने सुरू होणारी, फक्त ० ते ७ हेच अंक असलेली संख्या अष्टमान, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पायावर लिहिलेली, धरली जाते. ०८३१ मध्ये ८ आहे, म्हणून तो बचावला. २००९ च्या यॅमल १.२ मध्ये हा नियम गेला, पण तिथे दोघांचंही पुढचं शून्य गळतं. एरर कुठेच येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांसाठी बिलं करणारं एखादं ओपन सोर्स साधन लिहायचं असेल, तर सेटिंग्जसाठी मी यॅमलऐवजी टॉमल ही दुसरी पद्धत घेईन. ०२३१ असा उघडा आकडा दिसला की टॉमल फाइल नाकारतं. अवतरणात घातलात तरच पुढे जाता येतं. पायथॉन ३.११ पासून टॉमल वाचायची सोय भाषेतच आहे, लिहायची नाही. खोलवर एकात एक विभाग असतील तर टॉमल किचकट होतं, हे खरं. पण सेटिंग्ज इतकी खोल गेली असतील तर आधी सेटिंग्जच कमी करा. टॉमल १.० मध्ये देवनागरी किंवा कन्नड नावाची ‘की’ (सेटिंगचं नाव) अवतरणाशिवाय चालत नाही, म्हणून कीची नावं इंग्रजीत ठेवा आणि मराठी-कन्नड मजकूर किमतीत, म्हणजे त्या कीसमोर लिहिलेल्या मूल्यात, येऊ द्या.

आता काय विचारायचं? ‘राज्याचा कोड’ असं वेगळं सेटिंग पुष्कळजण ठेवतात. कशाला? जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक तोच कोड असतात, कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. उद्यमबागेतून महाराष्ट्रातल्या शिनोळीला माल गेला तर साधारणपणे आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा), कर्नाटकातल्याच हुबळीला गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा). एकच गोष्ट दोनदा विचारली की कधीतरी दोन उत्तरं वेगळी निघतात आणि बिलावर भलताच कर लागतो.

चुकलेल्या नावाचं काय करायचं, यावर जरा थांबू. समजा, बिलाची भाषा ठरवणारी की ‘प्रिंट_लँग्वेज’ आहे आणि काहीच लिहिलं नाही तर धरायची ठरलेली किंमत कन्नड. कुणीतरी ‘प्रिंट_लँगेज’ लिहून किमतीत मराठी घातलं. साधनाने अनोळखी की गुपचूप सोडून दिली, तर शिनोळीच्या गिऱ्हाइकाला कन्नड बिल जाणार आणि फाइल उघडणारा म्हणणार, ‘अहो, मराठीच लिहिलंय की!’ म्हणून अनोळखी की दिसली की थांबा आणि सांगा: ‘बिल विभागात प्रिंट_लँगेज नावाचं सेटिंग नाही, प्रिंट_लँग्वेज म्हणायचं होतं का?’ जवळचं नाव शोधायला पायथॉनसोबतच येणारी डिफलिब लायब्ररी पुरते. वाचून झाल्यावर पायथॉनकडे साधी डिक्शनरी (नाव आणि किंमत यांच्या जोड्या) उरते, ओळ क्रमांक राहत नाहीत. म्हणून संदेशात फाइलीचा पूर्ण मार्ग आणि विभागाचं नाव तरी हवंच.

किमतींचा क्रम नेहमीचाच ठेवा: साधनातली ठरलेली किंमत, मग मशीनची फाइल, मग वापरणाऱ्याची, मग एन्व्हायर्नमेंट (ऑपरेटिंग सिस्टिमकडून साधनाला मिळणाऱ्या किमती) आणि शेवटी कमांड लाइन (साधन चालवताना आज्ञेसोबत दिलेलं). पुढची मागचीवर मात करते. याद्यांचं मात्र आधी ठरवून लिहून ठेवा: वापरणाऱ्याची यादी जुनीच्या जागी येणार की तिला जोडली जाणार? मी जागी येणारी ठेवतो, कारण जोडलेल्या यादीतून काही काढून टाकायला जागाच उरत नाही. आणि कुठली किंमत कुठल्या फाइलीतून आली हे दाखवणारी एक कमांड द्याच; कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये ‘शो-ओरिजिन’ हा पर्याय २०१६ पासून आहे.

कीचं नाव बदलायचं झालं तर जुनं नाव लगेच काढू नका. एक-दोन आवृत्त्या ते वाचत राहा आणि दर वेळी नवं नाव सांगा. जुनं आणि नवं दोन्ही एकाच फाइलीत सापडली, तर अंदाज न करता थांबा.