पाणी किती वाजता भरलं?

कालवं आवडीने खाणारी मंडळी समोर बसली आहेत, म्हणून आधी एक विचारतो. कालवाचं कवच कशाचं? बरोबर, चुनखडीचं. आपल्याकडे शिंपले भाजून चुना करायचेच की! पण कालव हे कवच बांधतं ते समुद्राच्या पाण्यातून माल उचलून. त्या पाण्यात मालाचा तुटवडा झाला तर?

अमेरिकेत ऑरेगनच्या किनाऱ्यावर नेटार्ट्‌स ही उथळ खाडी आहे. तिच्या काठी व्हिस्की क्रीक ही हॅचरी, म्हणजे कालवांचं बीज तयार करणारी जागा. २००७-०८ च्या सुमारास तिथल्या टाक्यांमधली पिल्लं मरू लागली. थोडीथोडकी नाही, टाक्याच्या टाक्या. संशय गेला व्हिब्रिओ या रोगकारक जीवाणूंवर. पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवली, तरी मर थांबेना.

गुन्हेगार होता वारा. उन्हाळ्यात तिथे उत्तरेचा वारा सुटला की वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि खालचं थंड पाणी वर येतं. त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर, म्हणजे आम्लता जास्त आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी. त्यात भर आपल्या धुराड्यांची. दिसायला मात्र पाणी नितळ.

कालवाचं पिल्लू पहिलं कवच बांधतं ते साधारण पहिल्या दोन दिवसांत, तेही अंड्यातल्या शिदोरीवर. पाण्याची आम्लता वाढली की सगळी शिदोरी कवचातच खर्ची पडते. पिल्लू लगेच मरतं असंही नाही. पुढे वाढ खुंटते, मग मरतं. मेलं त्या दिवशी तुम्ही पाणी तपासाल, तर ते उत्तमही निघेल! खोट होती ती जन्माच्या वेळच्या पाण्यात.

ऑरेगन स्टेट विद्यापीठाचे बर्क हेल्स आणि हॅचरीतली माणसं यांनी सतत मोजमाप सुरू केलं, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. खाडीतलं समुद्री गवत रात्रभर श्वास सोडतं, म्हणून पहाटेचं पाणी वाईट. दिवसा तेच गवत कार्बन डायऑक्साइड शोषतं, म्हणून दुपारचं पाणी बरं. मग टाक्या दुपारी भरायच्या आणि पाण्यात सोडियम कार्बोनेट घालायचं. तोच तो, आपला धुण्याचा सोडा! पिल्लं पुन्हा जगू लागली.

आपल्या कोकणातल्या खाड्यांत आधी बघायचा तो खारेपणा. पावसाळ्यात वरून गोडं पाणी उतरलं की कालव घट्ट मिटून बसतं, आणि मिटलेलं कालव खात नाही. फार दिवस तसंच राहिलं तर खंगतं. म्हणून मी सांगतो, कालवं वाढवत असाल तर पाणी तपासल्यावर वहीत नुसता आकडा लिहू नका. घड्याळातली वेळ लिहा, भरती की ओहोटी तेही लिहा. आणि कालवं टांगलेली दोरी वर काढली की तोंड उघडलेल्या कालवाला टिचकी मारून बघा. जिवंत असेल तर मिटेल. नाही मिटलं, तर ते बाजूला काढा आणि वहीची मागची पानं उलटा.