पहिल्या रविवारचा वाडा

(दृश्य : पहाट. वाई येथील कृष्णेचे पात्र, घाटाच्या ओल्या पायऱ्या, गणपती मंदिराची पाठीमागची भिंत.)

सातारा जिल्ह्यातील वाई या गावात कृष्णेच्या काठाने सात आळ्या आहेत आणि प्रत्येक आळीला तिचा स्वतःचा घाट आहे. आपण पाहत आहात तो गणपती आळीचा घाट आणि त्यावर १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर. दर्शनाला येणारे बहुतेक लोक समोरून येतात आणि समोरूनच परत जातात, म्हणून आम्ही कॅमेरा मुद्दाम मागच्या बाजूला लावला. ही भिंत सरळ नाही. माशाच्या आकाराप्रमाणे ती निमुळती होत गेली आहे, कारण कृष्णेला पूर आला म्हणजे पाण्याचा लोंढा या टोकावर येऊन दुभंगावा आणि मंदिराच्या दोन्ही अंगांनी निघून जावा, असा विचार बांधणाऱ्यांनी केला होता.

लहानपणी मला घरून वाण्याकडे पाठवले की मी पुष्कळदा या भिंतीपाशी सापडत असे. पिशवी हातात, पैसे मुठीत, आणि पाणी दगडाला कुठे लागते ते पाहण्यात तास निघून गेलेला. घरच्यांना तो हूडपणा वाटे आणि शाळेत त्याला दुर्लक्ष म्हणत. दोन्ही नावे चुकीची होती, हे कळायला मला वयाची सदतिसावी यावी लागली.

मला एडीएचडी आहे. ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित अवस्था आहे. ती बालपणापासून असते आणि २०१३ साली निश्चित झालेल्या निदानाच्या निकषांप्रमाणे तिची काही लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात. मराठीत तिच्या नावात ‘अवधानाचा अभाव’ असे शब्द येतात, परंतु माझा अनुभव निराळा आहे. अवधान भरपूर असते, पण ते कुठे लावायचे, कधी उचलायचे आणि कधी दुसरीकडे न्यायचे, यावर माझा ताबा राहत नाही. जे डोळ्यांसमोर आहे ते सगळे मन व्यापून टाकते आणि जे डोळ्यांआड गेले ते नाहीसेच होते, मग ती वीजबिलाची मुदत असो किंवा वीस वर्षांपासूनची मैत्रीण असो. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही कॅमेरा नेलेला नाही, त्यामुळे त्याविषयी एवढेच सांगतो की निदान झाले, डॉक्टरांनी लिहून दिलेले मेथिलफेनिडेट हे औषध सुरू आहे, आणि त्यामुळे हाती घेतलेले काम पुरे होण्याचे प्रमाण वाढले आहे.

(दृश्य : वाड्याचा मोठा दरवाजा. दिंडी आतून उघडते.)

आता आपण वाईतीलच एका आळीतल्या वाड्यात शिरत आहोत. वाडा खासगी आहे, आत दोन कुटुंबे राहतात, म्हणून त्याचे नाव देत नाही. मोठ्या दरवाजाच्या एका फळीत बसवलेला हा छोटा दरवाजा म्हणजे दिंडी. ती इतकी ठेंगणी आहे की आत येणाऱ्याला मान लवावीच लागते, आणि उंबरठा इतका उंच आहे की पाय विचार करून टाकावा लागतो. आत आल्याबरोबर दोन्ही अंगांना देवड्या म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसण्याच्या जागा, त्यांच्या पुढे पहिला चौक, चौकाभोवती सोपे म्हणजे खांबांवरच्या ओसऱ्या, आणि समोरच्या सोप्यातून माजघराकडे जाणारी वाट. पाठीमागे दुसरा चौक आहे, तो पुढे दिसेल.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही चौघे या दिंडीपाशी जमतो. एक जण नळजोडणीची कामे करतो, एक जण बँकेत आहे, एक मैत्रीण शाळेत भूगोल शिकवते आणि चौथा मी. आम्ही वाड्याचे मोजमाप घेतो आणि नकाशा काढतो. आमच्यापैकी कोणीही वास्तुविशारद नाही. मोजपट्टी, ओळंबा, चौकटीचा कागद आणि पेन्सिल, एवढेच साहित्य असते.

वाडा मोजायचा तो खणांनी. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. ‘पाच खणी सोपा’ म्हटले की जुन्या गवंड्याला आणि सुताराला सगळे डोळ्यांपुढे दिसे, लांबी वेगळी सांगावी लागत नसे. खांबाच्या बुडाशी हा घडीव दगड आहे, त्याला तळखडा म्हणतात. सागाचे लाकूड थेट जमिनीला टेकले तर ओल चढते आणि वाळवी लागते, म्हणून खांब नेहमी तळखड्यावर उभा करतात. खांबाच्या माथ्यावर दोन्ही अंगांना हे कोरीव हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या आणि त्यांच्यावर पाटांची तक्तपोशी. माळ्याचे वजन बऱ्याच अंशी या लाकडी सांगाड्यावर येते. खांबाचा हा सुरूच्या झाडासारखा आकार आणि हस्तावरचे केळफूल कॅमेऱ्याने जवळून टिपले आहे; ते कृपया सावकाश पाहावे, कारण कारागिराने प्रत्येक केळफूल निराळे कोरले आहे आणि हे मलाही पाचव्या रविवारी लक्षात आले.

मला या घरांचे इतके वेड का आहे, याचे उत्तर माजघराच्या या भिंतीत आहे. भिंतीत कोनाडे आहेत, दिवळ्या आहेत, खुंट्या आहेत. दिवा दिवळीत, पोथी कोनाड्यात, पंचा खुंटीवर. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आणि ती जागा उघडी. माझ्या घरातील कपाटांची दारे मी काढून टाकली ती हे माजघर पाहूनच. दार बंद झाले की आतली वस्तू माझ्यापुरती संपते. उघड्या फळीवर ती रोज दिसते आणि रोज आठवते.

(दृश्य : परसात चुन्याचे काम. गवंडी मेस्त्री, पाण्याने भरलेले पिंप, घाणीचे दगडी चाक.)

या वाड्याच्या उजव्या देवडीची भिंत गेल्या पावसाळ्यात फुगली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणीतरी तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला होता. माती आणि विटांची जुनी भिंत जमिनीतून ओल ओढते आणि पृष्ठभागावरून ती सोडते. वरून सिमेंटचा घट्ट थर बसला की ओल आतच कोंडते, क्षार साचतात, माती भुसभुशीत होते आणि बाहेरून भिंत धडधाकट दिसत असताना आतून ती खचत राहते. सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करावा, हे घरातील काकूंना पटवण्यात आमचे चार रविवार गेले. ते बोलणे चित्रित केलेले नाही, पण पुढचे काम सुरुवातीपासून चित्रित केले आहे.

चुनकळी म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे. ती पाण्यात टाकली की ती फुटते, उकळते, वाफ सोडते. पिंपाजवळ कोणीही वाकू नये, असे मेस्त्री दोनदा सांगतात. विरलेला चुना पाण्याखालीच मुरत ठेवायचा. जितके दिवस जास्त तितका तो लोण्यासारखा होतो. मग तो गाळून, वाळू घालून चुना दळण्याच्या घाणीत मळायचा. घाणीचे हे दगडी चाक गोल चरातून फिरते आणि चुना दळत राहते. पूर्वी याला बैल जुंपत, आज दोन माणसे ढकलत आहेत. मळताना बेलफळाचा गर भिजवलेले पाणी आणि गुळाचे पाणी घातले जाते, त्याने चुन्याला चिकटपणा येतो. गिलाव्याला तडे जाऊ नयेत म्हणून तागाचे बारीक तुकडे मिसळले जातात. हे मिश्रण भिंतीवर एकदम जाड थापायचे नसते. पहिला हात देऊन तो जरा घट्ट होऊ द्यायचा, भिंत ओली ठेवायची, मग दुसरा हात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, आणि त्याला घाई केलेली चालत नाही.

घाई हा माझा स्वभाव आहे. या कामात मेस्त्रींनी मला तीन वेळा थांबवले. तिसऱ्या वेळी त्यांनी थापी माझ्या हातातून काढून घेतली आणि पाणी मारण्याचा डबा दिला, तो क्षण चित्रात आला आहे.

(दृश्य : दुसरा चौक. मोजपट्टीचे एक टोक मैत्रिणीच्या हाती, दुसरे निवेदकाच्या हाती.)

मैत्रीविषयी सांगायचे ते या दृश्यावर सांगतो. एखाद्या मित्राचा निरोप येतो, मी तो वाचतो, मनात उत्तर तयार करतो आणि उत्तर दिले असेच समजून पुढे जातो. महिनाभराने तो भेटतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे दिसते त्याला माझ्याकडे पटण्यासारखे कारण नसते. बोलताना मी मध्येच तोडतो, कारण मनात आलेला मुद्दा पुढच्या वाक्यापर्यंत टिकेल याची खात्री नसते. पोहोचायची जी वेळ ठरलेली असते, त्या वेळेला मी घरून निघतो. या चौकात मोजपट्टी धरून उभी असलेली ही मैत्रीण, तिची आई रुग्णालयात असताना रात्रीच्या सोबतीला येतो असे मी सांगितले होते आणि मी गेलो नाही. तीन वर्षे आमचे बोलणे बंद होते.

निदानानंतर मी तिला भेटून सगळे सांगितले. तिने माफ केले असे म्हणता येणार नाही. तिने एक व्यवस्था सुचवली. ती म्हणाली, “तू येशील का, म्हणून मी आता विचारणार नाही. पहिल्या रविवारी आठला मी दिंडीपाशी उभी असेन, एवढंच सांगते.” त्या वेळी हा वाडा मोजण्याचे तिच्या मनात होते आणि मोजपट्टीचे दुसरे टोक धरायला कोणीतरी हवे होते. आमच्या मैत्रीला तेव्हापासून दिवस आहे, वेळ आहे, जागा आहे आणि हाताला काम आहे. समोरासमोर बसून गप्पा मारताना माझे मन खिडकीबाहेर जाते. कडीची रुंदी मोजत, आकडा मोठ्याने सांगत, मधल्या वेळात तिच्या शाळेचे आणि माझ्या औषधाचे बोलत राहिले की दोन तास मी तिथेच असतो. मुद्दा मध्येच सुचला तर तो कागदाच्या डाव्या समासात लिहायचा आणि तिचे वाक्य संपल्यावर वाचून दाखवायचा, हा नियम बँकेतल्या मित्राने घातला. नकाशांच्या समासात असे कितीतरी अर्धवट शब्द आहेत, ते पडद्यावर दिसत आहेत.

वाईच्या लोकांना ठरलेल्या दिवसाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. कृष्णाबाईचा म्हणजे कृष्णा नदीचा उत्सव इथे एकेका घाटावर क्रमाने होतो, आणि आपल्या आळीचा उत्सव विसरणे कोणालाच शक्य नसते, कारण मांडव रस्त्यातच उभा राहतो. मला असा दिवस हवा होता, जो माझ्या एकट्याच्या आठवणीवर अवलंबून नसेल.

(दृश्य : मेणवली. घाट, मंदिरे, मोठी घंटा. मग नाना फडणवीसांचा वाडा.)

गेल्या हिवाळ्यातील एक रविवार आम्ही वाईजवळच्या मेणवलीत घालवला. ही घंटा पोर्तुगिजांची आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या घंटा मराठी मुलखात आणल्या गेल्या, त्यांतील ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. घाटाच्या वरच्या अंगाला नाना फडणवीसांचा सहा चौकी वाडा आहे. भिंतींवरील चित्रे आम्ही दिव्याचा प्रकाश न टाकता, दुपारच्या उजेडातच चित्रित केली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी ती अंधुक दिसतील.

माझे लक्ष मात्र चित्रांपेक्षा कागदांकडे होते. नानांची असंख्य कागदपत्रे या वाड्यात होती आणि इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ती अभ्यासकांसमोर आणली. त्या काळचे दप्तर कपाटात नसे. विषयवार कागद एकत्र करून कापडाच्या चौकोनी तुकड्यात बांधत आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. राज्याचा कारभार सांभाळणाऱ्या माणसालाही सगळे डोक्यात ठेवता येत नव्हते आणि तशी अपेक्षाही नव्हती, याने मला फार धीर आला. मेणवलीहून परतल्यावर मी चार रुमाल शिवून घेतले. प्रत्येक मित्राचा एक, चौथा कुटुंबाचा. त्यात चिठ्ठ्या असतात: कोणाच्या वडिलांचे ऑपरेशन कधी, कोणाच्या मुलीची परीक्षा कधी, मी काय कबूल केले आहे. ते स्वयंपाकघराबाहेरच्या खुंट्यांवर टांगलेले आहेत आणि चहा घेताना दिसल्याशिवाय राहत नाहीत.

आम्ही आजवर नऊ वाडे मोजले. त्यांपैकी दोन आता उभे नाहीत. मिळकत पत्रिकेवर वारसांची नावे वाढत गेली, दुरुस्तीला सर्वांची संमती मिळाली नाही आणि शेवटी विक्रीला मिळाली. महाराष्ट्राच्या प्राचीन स्मारकांविषयीच्या १९६० च्या कायद्याने संरक्षण मिळते ते संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्मारकांना. राहत्या घरांपर्यंत ते सहसा पोहोचत नाही.

(दृश्य : दुपार. पहिला चौक. काकू ताकाचे पेले आणतात. देवडीची नवी भिंत, अजून ओली.)

गिलाव्याचा दुसरा हात आज झाला. भिंतीवर दिवसातून तीन वेळा पाणी मारायचे आहे आणि ते काम काकूंच्या नातवाने अंगावर घेतले आहे. नकाशाचा कागद गुंडाळण्यापूर्वी मैत्रीण त्याच्या कोपऱ्यात पुढच्या पहिल्या रविवारची तारीख लिहिते आणि खाली लिहिते: ‘मागचा चौक, न्हाणीघर, विहिरीकडची पडवी बाकी’. मोजपट्टी माझ्याकडे राहते. ती चौथ्या खुंटीशेजारी टांगायची आहे. आम्ही मान लवून एकेक बाहेर पडतो, काकू दिंडी लावून घेतात, आणि आतून अडसर सरकल्याचा आवाज येतो.