कॉर्नरो : टाळूला धरून चालणारी वेणी

[दृश्य : बुटक्या स्टुलावर बसलेली मुलगी, मागे खुर्चीत आई. हाताशी शेपटीचा, म्हणजे बारीक टोकदार दांडीचा कंगवा, चिमटे, पाण्याची फवारणीची बाटली.]

नायजेरियातलं लागोस असो की अमेरिकेतलं अटलांटा, आफ्रिकी वंशाच्या अनेक घरांत केस धुण्याचा दिवस वेगळा काढून ठेवलेला असतो. सकाळी धुवायचे, गुंता काढायचा, सुकवायचे, आणि मग निवांत वेण्या घालायला बसायचं. या वेण्या म्हणजे कॉर्नरो : कपाळापासून मानेपर्यंत टाळूला धरून जाणाऱ्या बारीक ओळी. ज्यांना सागरवेणी येते, त्यांना यातलं निम्मं काम येतंच. सागरवेणीत बाजूचा पेड मधल्या पेडावरून येतो, कॉर्नरोत तो मधल्याखालून जातो. म्हणून ही वेणी टाळूवर उठून दिसते.

पण पेड हातात घेण्याआधी केस समजून घ्यायला हवेत. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे हे दाट कुरळे केस मुळापासूनच वळण घेऊन उगवतात. केसाचा आडवा छेद गोल नसतो, चपटा लंबगोल असतो. टाळूचं तेल इतक्या वळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही, त्यामुळे टोकं कोरडी राहतात, आणि जिथे वळण तिथे केस तुटायची शक्यता जास्त. ओले असताना खांद्याला टेकणारे केस वाळले की कानाशी येतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळकडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी कुटुंबांतही असे केस दिसतात. गुंता काढायची रीत सगळीकडे तीच.

कोरड्या केसांत कंगवा घालायचाच नाही. केस धुऊन भरपूर कंडिशनर लावायचा, इतका की बट बोटांतून निसटली पाहिजे. डोक्याचे चार ते सहा भाग करून चिमटे लावायचे आणि एका वेळी एकच भाग सोडायचा. आधी बोटांनी मोकळं करायचं, मग रुंद दातांचा कंगवा. सुरुवात टोकाकडून. टोकाची दोन बोटं मोकळी झाली की थोडं वर, मग आणखी वर. दुसऱ्या हाताने बट कंगव्याच्या वरच्या बाजूला घट्ट धरायची, म्हणजे हिसका मुळाला बसत नाही. कडकड आवाज आला तर केस तुटतोय. तिथेच थांबून पाणी आणि कंडिशनर पुन्हा लावायचा.

[दृश्य : बटेभोवती काळा दोरा गुंडाळणारी बोटं.]

ओल्या केसांची वेणी घालू नये. ओला केस ताणून लांब झालेला असतो. तो वेणीतच वाळला की आखडतो आणि मुळाला ओढ बसते. शिवाय आतली ओल लवकर जात नाही, वास येतो. नायजेरियाकडच्या योरुबा समाजातल्या बायकांची जुनी रीत इथे फार कामाची आहे. अर्धवट सुकलेल्या बटांभोवती मुळापासून टोकापर्यंत दोरा गुंडाळून ठेवायचा. तिला इरुन किको म्हणतात. सकाळी दोरा सोडला की केस उष्णतेशिवाय ताणून सरळसर झालेले असतात. मग पाण्याचा अंश असलेलं क्रीम, आणि त्यावर अगदी थोडं तेल. ओलावा पाण्याने येतो, तेल तो फक्त धरून ठेवतं. नुसतं तेल चोपडलं तर केस कोरडेच राहतात.

आता भांग. शिकणाऱ्याने सहा ते आठ ओळी घ्याव्यात, साधारण सारख्या रुंदीच्या. शेपटीच्या कंगव्याचं टोक कपाळापासून मानेपर्यंत न उचलता न्यायचं. शेजारचे केस चिमट्यात नीट बांधून टाकायचे. एक केस जरी भांग ओलांडून आला, तरी रेघ विस्कटते आणि तोच केस दोन्हीकडून ओढला जातो.

[दृश्य : अगदी जवळून, कपाळाची कड.]

कपाळाच्या कडेला चिमूटभर केस घ्या, तीन सारखे पेड करा. डावा पेड मधल्याखालून मध्ये, मग उजवा मधल्याखालून मध्ये. असा एक फेर केस न जोडता. पुढे दर वेळी मध्ये आलेल्या पेडात बोटांच्या थेट खालचे थोडे केस उचलून मिसळायचे. मागे राहिलेले केस उचलले तर फुगा येतो. फार पुढचे ओढून आणले तर मधली जागा उघडी पडते. दर वेळी सारखेच केस घेतले की ओळ आपोआप सरळ जाते. पेरं टाळूला टेकलेली ठेवायची आणि हात ओळीच्या दिशेने खाली न्यायचा. नवशिक्यांची वेणी सैल पडते ती हात वर उचलल्यामुळे, आणि ती सैल दिसली की ते मूळ ओढायला लागतात. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पीळ पेडांमध्ये आवळायचा, मुळाशी नाही.

मानेपाशी टाळू संपली की पुढे साधी तीन पेडांची वेणी. शेवटी टोक ओलं करून बोटाभोवती वळवलं तरी ते सुटत नाही. उघडं रबर लावू नये, ते केस कापतं.

नकली केस जोडायचे तर तिसऱ्या-चौथ्या फेरापासून बारीक बट घालायची, कपाळाच्या कडेलाच नाही. तिथले केस सर्वांत नाजूक. काहींना कृत्रिम केसांवरच्या लेपाने खाज येते. त्यांनी ती जुडी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच घ्यावी.

वेणी घातल्यावर भुवया ताणल्या जात असतील, कपाळाच्या कडेला बारीक पांढरे फोड आले असतील, उशीवर डोकं टेकवत नसेल, तर ती ओळ त्याच दिवशी सोडायची. गोळी घेऊन दोन दिवस काढायचे नाहीत. अशी ओढ वर्षानुवर्षं बसली की कानशिलावरचे केस विरळ होतात, आणि मुळाशी व्रण धरला तर ते परत येत नाहीत. लहान मुलीच्या कडेची लव वेणीत घेऊच नये.

या वेण्यांसाठी लोकांनी न्यायालयाची पायरी चढली आहे. कॉर्नरो घालून कामावर येण्याचा हक्क मागणाऱ्या रेनी रॉजर्स अमेरिकन एअरलाइन्सविरुद्धचा खटला १९८१ मध्ये हरल्या. केसांच्या पोतावरून आणि अशा वेण्यांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राऊन कायदा कॅलिफोर्नियात झाला तो २०१९ मध्ये.

[दृश्य : वेणी सोडणारी बोटं.]

रात्री सॅटिनची टोपी घालायची, सुती उशी केस घासते आणि ओलावा शोषते. नुसत्या स्वतःच्या केसांच्या वेण्या एक-दोन आठवडे ठेवाव्यात, जोडलेल्या केसांच्या जास्तीत जास्त सहा ते आठ. सोडताना मूठभर केस हातात येतात आणि घरात घबराट होते. माणसाचे दिवसाला ५० ते १०० केस गळतात, ते इतके दिवस वेणीतच अडकलेले असतात. केसाच्या एका टोकाला पांढरा ठिपका दिसला तर तो मुळातून आपसूक गळलेला. ठिपका नसेल आणि तुकडे आखूड असतील, तर केस तुटतोय. मुळाशी साचलेला मळ आणि हे सुटे केस बोटांनी काढून झाल्याशिवाय डोक्यावर पाणी घेऊ नये, नाहीतर गुंता कात्रीनेच सोडवावा लागतो. पुढची वेणी एक-दोन आठवड्यांनी घालायची, आणि भांग जुन्या रेघेवर न काढता थोडा सरकवून.